पंचवीस की वीस-पाच?

सोलापुरात हिशेब अनेक भाषांत चालतो. पेठेतला मराठी दुकानदार ‘पंचवीस’ म्हणतो, म्हणजे आधी पाच, मग वीस. पूर्व भागातला तेलुगू विणकर म्हणतो ‘इरवै ऐदु’, आधी वीस, मग पाच. कन्नड ‘इप्पत्तैदु’ही तसंच. अंक गिरवणारं मराठी पोर ‘पंच’ ऐकताच ५ लिहून मोकळं होतं आणि पंचवीसचे बावन्न होतात. आकडा तोच, प्रश्न फक्त कुठलं टोक आधी याचा.

१९८०च्या दशकात निरनिराळ्या कंपन्यांची वर्कस्टेशनं, म्हणजे कामाचे ताकदवान संगणक, एका नेटवर्कवर आणताना नेमकी हीच अडचण आली.

संगणकाच्या स्मृतीत बाइट नावाचे कप्पे असतात. एका कप्प्यात ० ते २५५ एवढाच आकडा मावतो. मोठ्या आकड्याला दोन कप्पे लागतात. समजा ३०० टॉवेल आहेत. २५६चा एक गठ्ठा आणि ४४ सुटे. म्हणजे एका कप्प्यात १, दुसऱ्यात ४४. सन कंपनीची मोटोरोला प्रोसेसरची यंत्रं गठ्ठा आधी ठेवत, डेक कंपनीचा व्हॅक्स हा संगणक सुटे आधी. आता सननं जसंच्या तसं १, ४४ धाडलं, की व्हॅक्स वाचणार १ सुटा आणि ४४ गठ्ठे. झाले ११,२६५ टॉवेल!

असली चूक सापडणं अवघड, कारण वरवर सगळं ठीक दिसतं. केबल धड असते, ‘आहेस का?’ असं विचारणाऱ्या पिंग या चाचणीला उत्तर येतं. इंग्रजी अक्षर एकाच कप्प्यात बसतं, त्याला पुढचं-मागचं टोक नसतं. त्यामुळे मालाचं नाव अचूक उमटतं आणि नग तेवढे चुकतात. तार जोडली म्हणजे बोलणं सुरू झालं, असं नाही.

गठ्ठा आधी, म्हणजे मोठं टोक आधी, या रीतीला ‘बिग-एंडियन’ आणि सुटे आधी या रीतीला ‘लिटल-एंडियन’ ही नावं संगणकतज्ज्ञ डॅनी कोहेन यांनी १९८० साली दिली. कुठला क्रम निवडता यापेक्षा सगळ्यांनी एकच पाळणं महत्त्वाचं, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते फार मोलाचं वाटतं. इंटरनेटच्या नियमांत तसंच ठरलं: घरात हवं तसं ठेवा, तारेवर मात्र मोठं टोक आधी. १९८४मध्ये सननं एनएफएस आणलं, म्हणजे दुसऱ्या यंत्रावरच्या फायली आपल्याच असल्यासारख्या उघडायची सोय. त्यातही एक्सडीआर नावाचं एक सामाईक रूप ठरवलेलं आहे. दहा तऱ्हांच्या यंत्रांनी थेट एकमेकांशी बोलायचं तर ९० दुभाषे लागतील. मधे एकच बोली असली, तर प्रत्येकाला तिच्यात जाण्याचा एक आणि तिच्यातून येण्याचा एक, असे वीस पुरतात.

दुसरी वाट टिफ या प्रकारच्या चित्रांच्या फायलींनी धरली. चादरीच्या नक्षीची टिफ फाइल उघडून तिचे पहिले दोन बाइट पाहा. तिथे ‘आय’ हे इंग्रजी अक्षर दोनदा असेल तर सुटे आधी, ‘एम’ दोनदा असेल तर गठ्ठा आधी. ही इंटेल आणि मोटोरोलाची आद्याक्षरं. म्हणजे निरोपाआधी आपली बोली सांगून टाकायची.

आज आपल्या हातातले जवळजवळ सगळे फोन आणि संगणक सुटे आधी ठेवणारे आहेत. तरी नव्या पेठेतून अशोक चौकात पाठवलेल्या प्रत्येक निरोपाच्या पाकिटावर इंटरनेटचे पत्ते आणि लांबी मोठ्या टोकाकडूनच लिहिली जाते. एक फोन ते उलटवतो, दुसरा पुन्हा सुलटं करून घेतो.