तुकारामांचे आत्मपर अभंग

संत तुकारामांच्या गाथेतील ज्या अभंगांत त्यांचे कुळ, व्यापार, दिवाळे, आप्तांचे मृत्यू आणि परमार्थाकडे वळणे यांचे उल्लेख येतात, त्यांना अभ्यासक आत्मपर अभंग म्हणतात.

‘याती शूद्र वैश केला वेवसाव’ हा त्यांतील प्रमुख. एरवी बोलू नये, पण संतांनी विचारले म्हणून सांगतो, अशा संकोचाने तुकाराम त्यात स्वतःची हकिगत सांगतात. ‘दुष्काळें आटिलें द्रव्य नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’ या चरणातील दुष्काळ 1630–31 च्या सुमाराचा, दख्खन आणि गुजरात होरपळून काढणारा, असे सामान्यतः मानले जाते. ‘एकी’ हा शब्द सहज वाचताना निसटतो. तुकारामांना रखुमाबाई व जिजाबाई अशा दोन बायका होत्या आणि दुष्काळात गेली ती रखुमाबाई, हे ठाऊक असले की त्या एका शब्दाचे ओझे जाणवते. ‘बरें झालें देवा निघालें दिवाळें’ या ओळीचेही तसेच. देहूच्या महाजनकी (बाजारपेठेचे वंशपरंपरागत वतन) असलेल्या वाणी घरात दिवाळे निघणे म्हणजे गावातली पतच जाणे होते. ‘नेला मान’ हे शब्द तेच सांगतात.

जन्मवर्षाच्या वादाचा या अभंगांच्या अर्थाशी थेट संबंध आहे. 1568, 1577, 1598 आणि 1608 अशी चार वर्षे सुचवली गेली आहेत. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी वाई येथील वहीतल्या नोंदीवरून पहिले वर्ष मानले, तर संतचरित्रकार ल. रा. पांगारकर यांनी 1608 चा पुरस्कार केला. पहिले स्वीकारल्यास दुष्काळात होरपळलेला माणूस साठी उलटलेला ठरतो, शेवटचे स्वीकारल्यास जेमतेम एकवीस-बावीस वर्षांचा. आधीच्या वर्षांच्या बाजूने ‘जरा कर्णमूळीं सांगों आली गोष्टी’ (म्हातारपण कानाशी येऊन गोष्ट सांगू लागले) या अभंगाचा आधार दिला जातो. मात्र कानाशी केस पिकणे चाळिशीतही संभवते. शिवाय धाकटे पुत्र नारायणबाबा यांचा जन्म तुकारामांच्या प्रयाणानंतर (1649 किंवा 1650) झाला, ही परंपरा 1568 शी जुळवणे अवघड जाते. 1608 हेच वर्ष अधिक ग्राह्य वाटते. तसे असेल, तर ‘याती शूद्र’ अभंगातले ‘लज्जा वाटे जीवा’ हे शब्द नुकता संसार अंगावर पडलेल्या तरुणाचे ठरतात.

चरित्राचा मुख्य आधार अठराव्या शतकातील संतचरित्रकार महिपतींचे ‘भक्तविजय’ (1762) व ‘भक्तलीलामृत’ (1774) हे ग्रंथ आहेत. ते प्रयाणानंतर शतकाहून अधिक काळाने लिहिलेले आणि काही अंशी अभंगांवरच उभे असल्याने, त्यांतील प्रसंगांनी अभंग उलगडताना तेच ते वर्तुळ पुरे होण्याचा धोका असतो. ‘बाप मेला न कळतां’ या अभंगात वडील कळत्या वयाआधी गेल्यासारखे वाटते. महिपती मात्र आईवडिलांचे निधन तुकारामांच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास सांगतात. ‘न कळतां’ म्हणजे संसाराची जाण येण्यापूर्वी, असा अर्थ घेतल्यास मेळ बसतो, पण तो ओढून आणलेला वाटतो. स्वतःला पतित म्हणवणाऱ्या ओळी भक्तिकाव्याच्या संकेतातील असल्याने चरित्राचा पुरावा म्हणून वापरू नयेत.

जिजाबाईंची प्रतिमा बव्हंशी ‘बाईल कर्कशा’ यासारख्या ओळींवरून व महिपतींच्या कथनावरून बनली आहे. दिवाळे निघालेल्या घरात चूल पेटती ठेवणाऱ्या या बाईंचे स्वतःचे शब्द उरलेले नाहीत.