विरुद्ध बाजू लिहिली की आपला मुद्दा पडतो?

नववी-दहावीच्या मुलांना वर्षानुवर्षं बजावलं जातं: निबंधात समोरच्याची बाजू लिहू नका, आपला मुद्दा पडतो. हे साफ चुकीचं आहे. आपल्या शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचं म्हणणं मांडतात; मग खंडन, मग सिद्धान्त. शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यात हीच रीत आहे. आणि पूर्वपक्ष लुळापांगळा करून मांडायचा नाही, पूर्ण ताकदीनिशी मांडायचा. मुलांना सर्वांत जड जातं ते हेच.

'शाळेत मोबाइल नकोच' लिहिणाऱ्या मुलीला मी विचारलं, "क्लासहून अंधारात एकटी परतणाऱ्या मुलीच्या आईला काय सांगशील?" ती बराच वेळ गप्प बसली. मग 'नकोच' खोडून तिनं लिहिलं, 'आईची काळजी खरी आहे. म्हणून दप्तरात बंद असू दे, तासाला मात्र नको.'