क्रेडिट दुसऱ्याच्या वहीत, ओळख आपल्या हातात: इम्यूलच्या तीन फायलींची पार्श्वभूमी

संगणक फॉरमॅट झाला, लोकांनी एकमेकांना थेट फायली देण्या-घेण्याचं इम्यूल हे सॉफ्टवेअर नव्याने बसवलं आणि फाइल मिळवण्याच्या ज्या रांगांत पूर्वी भराभर पुढे सरकत होतो तिथे एकदम शेपटाला जाऊन पडलो. ही तक्रार या सॉफ्टवेअरइतकीच जुनी आहे. तिची मुळं समजून घ्यायची तर आधी एक गोष्ट पक्की धरावी लागते: अपलोड करून कमावलेलं क्रेडिट, म्हणजे रांगेत पुढे सरकवणारी पुण्याई, आपल्या संगणकात साठत नाही. ज्यांना आपण फाइलचे तुकडे दिले त्यांच्या संगणकांत ते साठतं. वाण्याच्या दुकानातलं खातं जसं वाण्याच्या वहीत असतं, तसं. आपल्याकडे असतं ते फक्त आपलं नाव आणि ते आपलंच असल्याचा पुरावा. क्रेडिट जपणं म्हणजे या दोन गोष्टी जपणं.

अशी रचना का झाली, याचं उत्तर २००० सालाच्या आसपास सापडतं. फायलींच्या अशाच देवाणघेवाणीसाठी नॅपस्टर १९९९ मध्ये आलं, ग्नुटेला २००० मध्ये. त्याच वर्षी झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रातल्या एटान अदार आणि बर्नार्डो ह्यूबरमन यांनी ग्नुटेलावरची देवाणघेवाण मोजली. जवळपास ७० टक्के लोक काहीच शेअर करत नव्हते, आणि सगळ्या उत्तरांपैकी जवळपास निम्मी वरच्या १ टक्का संगणकांकडून येत होती. फुकट घेणाऱ्यांचं काय करायचं, हा प्रश्न त्यानंतर प्रत्येक नव्या प्रोग्रॅमपुढे उभा राहिला.

उत्तरं वेगवेगळी निघाली. मोजोनेशनने ‘मोजो’ नावाचं चलनच काढलं. त्याचा हिशेब राखायला मध्यवर्ती यंत्रणा लागायची. कझाने ‘पार्टिसिपेशन लेव्हल’, म्हणजे कोण किती देतो याचा आकडा, आणली, पण तो आकडा वापरणाऱ्याच्याच संगणकात ठेवला. कझा लाइट नावाच्या बदललेल्या आवृत्तीने तो कायमचा १००० सांगायला सुरुवात केली आणि व्यवस्थेचा अर्थच संपला. स्वतःचं प्रगतिपुस्तक स्वतः भरायला दिलं की हेच होणार. मोजोनेशनमध्ये काम केलेल्या ब्रॅम कोहेनने २००१ मध्ये बिटटोरेंट आणलं तेव्हा आठवण ठेवण्याची भानगडच काढून टाकली. आत्ता जो देतोय त्याला आत्ता द्यायचं, दर १० सेकंदांनी हिशेब पुन्हा करायचा आणि दर ३० सेकंदांनी एखाद्या नव्याला संधी द्यायची. त्यात जपण्यासारखं काही उरतच नाही. खासगी ट्रॅकरवरचा, म्हणजे बिटटोरेंटच्या सभासदांपुरत्या संकेतस्थळांवरचा, दिल्या-घेतल्याचा रेशो ही वेगळी गोष्ट. तो तिथल्या सर्व्हरवरच्या खात्यात असतो.

जेड मॅकॅलेबचं ईडाँकी२००० हे त्याच जातीचं सॉफ्टवेअर सप्टेंबर २००० मध्ये आलं होतं. त्याच्या मूळ प्रोग्रॅमवर नाराज असलेल्या हेंड्रिक ब्राइटक्रॉइट्सने मे २००२ मध्ये इम्यूल लिहायला घेतलं आणि त्याच वर्षी सोर्स कोड खुला केला. इम्यूलच्या क्रेडिट पद्धतीत मध्यवर्ती बँक नाही आणि स्वतःचा आकडा स्वतः सांगणंही नाही. प्रत्येक इम्यूल आपल्याला भेटलेल्या दुसऱ्या प्रत्येकाची नोंद ठेवतं: याने मला किती दिलं, मी याला किती दिलं. माझं क्रेडिट तुमच्याकडे, तुमचं माझ्याकडे. मी तुम्हाला दिलं म्हणून तिसरा कोणी मला झुकतं माप देणार नाही. मात्र एका फाइलवर कमावलेलं क्रेडिट त्याच माणसाकडच्या दुसऱ्या कुठल्याही फाइलसाठी चालतं.

गणित असं. रांगेतला गुण ठरतो तो थांबलेल्या वेळाला फाइलच्या प्राधान्याने आणि क्रेडिटच्या गुणकाने गुणून. गुणक १ ते १० च्या मध्ये राहतो आणि दोन आकड्यांपैकी लहान आकडा घेतला जातो. पहिला आकडा म्हणजे रांगेतल्या माणसाने तुम्हाला दिलेल्या डेटाची दुप्पट, भागिले त्याने तुमच्याकडून घेतलेला डेटा. दुसरा म्हणजे त्याने दिलेल्या एमबीत २ मिळवून काढलेलं वर्गमूळ. समजा एखाद्याने तुम्हाला ९८ एमबी दिले आणि तुमच्याकडून ४९ एमबी घेतले. पहिला आकडा ४, दुसरा १००चं वर्गमूळ म्हणजे १०. गुणक मिळाला ४. त्याने काहीच घेतलं नसतं तर वर्गमूळाचा आकडा लागू होऊन थेट १० मिळाला असता. दिलेला डेटा १ एमबीपेक्षा कमी असेल तर गुणक १ च. इतर सगळं सारखं असेल तर १० गुणक असलेला एक तास थांबून तिथे पोचतो, जिथे पोचायला नवख्याला दहा तास लागतात.

महाराष्ट्रात २००५ नंतर ब्रॉडबँड घरोघर पोचू लागलं तेव्हा हा फरक फार जाणवायचा. बीएसएनएलच्या काही योजनांत रात्री २ ते सकाळी ८ एवढाच वेळ डाउनलोड मोफत असे. सहा तासांत रांगेचा पुढचा भाग गाठायचा तर गुणक १ असून भागत नसे.

आता ओळखीचा प्रश्न. माणूस तोच आहे हे इम्यूल कशावरून ठरवतं? आयपी पत्ता बदलतो, टोपणनाव कोणीही काहीही ठेवतं. म्हणून पहिल्यांदा सुरू होताना इम्यूल १६ बाइटचा एक यादृच्छिक आकडा तयार करतं, त्याला यूजर हॅश म्हणतात. त्यातला सहावा बाइट १४ आणि पंधरावा १११ असतो; हा क्लायंट, म्हणजे जोडणीतला प्रोग्रॅम, इम्यूल आहे हे दुसऱ्याला त्यावरून कळतं. हा हॅश ‘प्रेफरन्सेस.डॅट’ या फाइलमध्ये असतो. फाइल अवघी ६१ बाइटची: १ बाइट आवृत्तीचा, १६ हॅशचे, आणि उरलेले ४४ खिडकी पडद्यावर कुठे होती याचे. नावावरून लोक ‘प्रेफरन्सेस.आयएनआय’ जपून ठेवतात. तिच्यात पोर्ट, वेगमर्यादा, टोपणनाव अशा सेटिंग असतात, ओळख नसते. ‘प्रेफरन्सेसकॅड.डॅट’मध्ये सर्व्हरशिवाय चालणाऱ्या कॅड नेटवर्कचा आयडी असतो, त्याचाही क्रेडिटशी संबंध नाही.

हॅशची अडचण अशी की तो गुपित नसतो. जोडणी होताच पहिल्याच संदेशात तो समोरच्याला सांगावा लागतो. त्यामुळे बदललेले क्लायंट भरपूर अपलोड करणाऱ्यांचे हॅश गोळा करायचे आणि तेच स्वतःचे म्हणून मिरवायचे. कष्ट एकाचे, रांगेतली पुढची जागा दुसऱ्याला. यावर उपाय म्हणून ‘सिक्युअर आयडेंटिफिकेशन’ आलं. प्रत्येक इम्यूल आरएसए या सांकेतिक पद्धतीच्या ३८४ बिटच्या किल्ल्यांची जोडी बनवतं: एक सार्वजनिक, एक खासगी. सार्वजनिक किल्ली समोरच्याला देतं, तो ती आपल्या नोंदीत हॅशशेजारी ठेवतो. पुढच्या वेळी समोरचा एक यादृच्छिक आकडा पाठवतो. त्यावर खासगी किल्लीने सही करून परत द्यावी लागते. सहीत विचारणाऱ्याची सार्वजनिक किल्लीही मिसळलेली असते, म्हणजे एकाकडे केलेली सही उचलून दुसऱ्याकडे दाखवता येत नाही. खासगी किल्ली ‘क्रिप्टकी.डॅट’मध्ये असते. हॅश जगाला माहीत असला तरी चालतं, ही फाइल मात्र कोणाला द्यायची नसते.

३८४ बिट म्हणजे किल्ली दुबळीच. ४२६ बिटची आरएसए-१२९ ही संख्या १९९४ मध्येच फोडली, म्हणजे तिचे अवयव पाडले, गेले होते. पण इथे चोरून मिळणार होती ती रांगेतली जागा, आणि दर जोडणीला सही करण्याचा भार तेव्हाच्या घरगुती संगणकांवर पडणार होता. ती निवड मला योग्य वाटते. हा बदल करताना एक कठोर नियमही ठेवला गेला: किल्ली नसलेल्या जुन्या नोंदीवर पहिल्यांदा किल्ली सिद्ध झाली की आधीचं क्रेडिट पुसायचं. ते कोणी कमावलं याची खात्री देताच येत नव्हती.

इथूनच क्रेडिट हरवण्याचा सर्वांत वाईट प्रकार जन्माला आला. हॅश जुना आणला पण क्रिप्टकी आणायची राहिली, तर इम्यूल मुकाट्याने नवी किल्ली बनवतं. ती फाइल शून्य बाइटची असली तरी तेच होतं. आता जुन्या ओळखीच्या प्रत्येकाकडे तुमच्या हॅशशेजारी जुनी किल्ली आहे आणि तुमची सही जुळत नाही. त्यांच्या दृष्टीने तुम्ही हॅशचोर. जुनं क्रेडिट मिळत नाही, आणि त्यांना नव्याने दिलेला डेटाही तुमच्या नावावर चढत नाही. यापेक्षा दोन्ही फाइल गमावून नव्या हॅशने १ गुणकापासून सुरुवात करणं बरं. जुनी क्रिप्टकी सापडण्याची आशाच नसेल तर प्रेफरन्सेस.डॅटही काढून टाकावी. सेटिंगमध्ये सिक्युअर आयडेंटिफिकेशन बंद ठेवल्यासही किल्ली नोंदवलेले लोक क्रेडिट देत नाहीत.

तिसरी फाइल ‘क्लायंट्स.मेट’. यात इतरांचं तुमच्याकडचं क्रेडिट असतं. ती गेली तर तुमची जागा कुठेच घसरत नाही, पण ज्यांनी तुम्हाला दिलं त्यांचे कष्ट पुसले जातात. म्हणून ती जपणं मला इतर दोन फायलींइतकंच आवश्यक वाटतं. नव्या स्वरूपात दर माणसामागे ११९ बाइट लागतात: हॅश, दोन्ही बाजूंचे आकडे, शेवटचं दर्शन, किल्लीची लांबी आणि किल्लीसाठी ८० बाइटची जागा. म्हणजे फाइलचा आकार पाहून नोंदी अंदाजाने मोजता येतात. ती दर १३ मिनिटांनी आणि प्रोग्रॅम बंद होताना लिहिली जाते. ऐन लिहिताना वीज गेली तर ती तुटू शकते, आणि भारनियमनाच्या त्या वर्षांत वीज जाणं रोजचं होतं. सुरू होताना इम्यूल तिची ‘बॅक’ (.bak) प्रत काढतं, पण आधीची प्रत मूळ फाइलपेक्षा मोठी असेल तर तिला हात लावत नाही. मूळ फाइल अचानक लहान झाली असेल तर ही प्रत नाव बदलून परत आणता येते.

प्रत काढण्याची रीत सोपी आहे. इम्यूल पूर्ण बंद करायचं, टास्क मॅनेजरमधूनही गेलंय हे पाहायचं, आणि कॉन्फिग फोल्डरातून तिन्ही फाइल एकत्र उचलायच्या. विंडोज एक्सपीपर्यंत हे फोल्डर प्रोग्रॅम फाइल्समधल्या इम्यूलच्या आतच असे. २००७ मध्ये व्हिस्टा आलं आणि तिथे लिहायला मज्जाव झाला. विंडोज गुपचूप ‘व्हर्च्युअलस्टोअर’ या वेगळ्या फोल्डरात लिहू लागलं. कित्येकांनी प्रोग्रॅम फाइल्समधली शिळी प्रत जपली आणि खरी फॉरमॅटमध्ये घालवली. नंतरच्या आवृत्त्यांत कॉन्फिग फोल्डर वापरकर्त्याच्या अॅपडेटा, लोकल, इम्यूल या मार्गावर गेलं. अॅपडेटा लपलेलं असतं, तेव्हा आधी लपलेली फोल्डरं दाखवायला सांगावं. दोन जागी फाइल दिसल्या तर क्लायंट्स.मेटची ताजी तारीख कुठे आहे ते पाहावं.

परत बसवताना क्रम महत्त्वाचा. इम्यूल इन्स्टॉल करा, पण सुरू करू नका. आधी फाइल ठेवा, मग सुरू करा. आधीच सुरू केलंत तर नव्या हॅशने लोकांशी जोडणी होते, आणि थोड्या वेळाने त्याच आयपी आणि पोर्टवरून जुना हॅश घेऊन गेलात की समोरचा ‘यूजर हॅश बदलला’ म्हणून तुम्हाला दोन तास बंदी घालतो. ही चूक झालीच असेल तर फाइल ठेवून दोन-अडीच तास इम्यूल बंद राहू द्यावं. हॅश आणि किल्लीची एकच जोडी दोन संगणकांवर एकाच वेळी चालवू नये. लिनक्सवर चालणाऱ्या एम्यूल (aMule) या इम्यूलच्या भावंडासाठी याच तीन फाइल घरच्या फोल्डरातल्या ‘.एम्यूल’ या लपलेल्या फोल्डरात ठेवल्या की चालतात. सगळं जुळलंय का हे पाहायला एखाद्या क्लायंटच्या तपशिलाची खिडकी उघडावी. त्यात ओळख पटली की नाही ते दिसतं.

या जपणुकीला मुदतही आहे. एखादा क्लायंट १५० दिवस दिसला नाही तर इम्यूल त्याची नोंद काढून टाकतं. दिसला की मोजणी पुन्हा शून्यापासून. सहा महिने बंद ठेवून तीच ओळख घेऊन परतलात, तर तुमच्या तिन्ही फाइल शाबूत असतील, पण समोरच्यांच्या वह्यांतली पानं फाडली गेलेली असतील.