टेलिहँडलर आणि पाटीवरचा आकडा : एक खुलासा

मुंबईतील बांधकामांवर एक समज रूढ आहे : टेलिहँडलरच्या (लांबणाऱ्या हाताने ओझे उचलून पुढे-वर पोचवणाऱ्या यंत्राच्या) पाटीवर ३ टन लिहिले असेल, तर बूम, म्हणजे तो लांबणारा हात, कितीही लांबवला तरी यंत्र ३ टन उचलते. हे चूक आहे, आणि ही चूक जिवावर बेतू शकते. यंत्र पुढच्या चाकांच्या आसावर तराजूसारखे तोललेले असते. हायड्रॉलिक सिलिंडरने बूम जसजसा पुढे सरकतो, तसतसा त्याच ओझ्याचा यंत्राला उलटवणारा जोर वाढतो, म्हणून पूर्ण लांबीवर सुरक्षित भार निम्म्याहूनही कमी उरतो. खड्ड्यापलीकडे किंवा दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर विटांचे पॅलेट पोचवायला हे यंत्र फार उपयुक्त आहे; परंतु केबिनमधील भार-तक्ता (बूमच्या कोणत्या लांबीला किती ओझे चालेल हे सांगणारा) समतल, घट्ट जमिनीसाठीच असतो, पावसाळ्यातील भरावाच्या चिखलासाठी नव्हे.