मार्केटिंग केस स्टडी : अभ्यास आणि उपयोग

मार्केटिंग केस स्टडी म्हणजे प्रत्यक्ष झालेल्या एखाद्या मोहिमेची सविस्तर हकिकत : अडचण काय होती, तोडगा काय काढला, तो कसा राबवला आणि पुढे काय झाले. गाजलेल्या मोहिमांच्या अशा हकिकती वाचून त्यांतले आपल्या कामाचे ते उचलणे हा या व्यवसायातला रोजचा परिपाठ आहे. त्यातून खूप शिकता येते, पण फसगतही तितकीच होते. वाचणारा बहुतेक वेळा मोहिमेचे वरवर दिसणारे रूप उचलतो. घोषवाक्याचा ढंग, बक्षिसाची पद्धत, व्हिडिओची लांबी हे सगळे तो घेतो, आणि ज्या कारणामुळे ते चालले ते कारण मात्र मूळ मोहिमेपाशीच राहते. नक्कल करायला अक्कल लागते असे म्हणतात. ती अक्कल म्हणजे रूप आणि कारण वेगळे करता येणे.

उगम आणि प्रकार

प्रकरणांवरून शिकवण्याची पद्धत कायद्याच्या शिक्षणातून आली. हार्वर्डच्या विधी विद्यालयात ख्रिस्तोफर कोलंबस लँगडेल यांनी १८७० पासून न्यायनिवाडे वाचायला लावून कायदा शिकवायला सुरुवात केली. हार्वर्ड बिझनेस स्कूलची स्थापना १९०८ ची. तिथली पहिली लिखित केस १९२१ मध्ये तयार झाली, तिचे नाव ‘जनरल शू कंपनी’. या शिकवण्याच्या केसचा एक विशेष पुढे सगळेच विसरले : ती निर्णयाच्या उंबरठ्यावर थांबते. माहिती सगळी हातात असते, उत्तर नसते. आता तुम्ही काय कराल, याचे उत्तर विद्यार्थ्याने द्यायचे असते.

दुसरा प्रकार पुरस्कारासाठी लिहिलेल्या केसचा. अमेरिकेत एफी पुरस्कार १९६८ मध्ये सुरू झाले, ब्रिटनमध्ये आयपीए या जाहिरात एजन्सींच्या संस्थेचे परिणामकारकता पुरस्कार १९८० मध्ये. जाहिरात देखणी आहे एवढे म्हणून इथे भागत नाही, तिने धंद्याला काय दिले हे आकड्यांनिशी मांडावे लागते. तिसरा प्रकार आज सर्वांत जास्त वाचला जातो, तो म्हणजे एजन्सीने किंवा सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीने स्वतःच्या कामाची लिहिलेली यशोगाथा. ती वाचू नये असे नाही. पण खटल्यात एकाच बाजूच्या वकिलाचे म्हणणे ऐकतो आहोत, एवढे भान ठेवून वाचावी. ‘लीड (म्हणजे चौकशी करणारे संभाव्य ग्राहक) तिप्पट झाल्या’ असे लिहिले असेल तर कितीच्या तिप्पट, किती दिवसांत, किती खर्चात आणि त्यांतल्या किती जणांनी खरेदी केली, हे प्रश्न तिथल्या तिथे विचारावेत. चारांपैकी दोनांची उत्तरे नसतील तर ती केस कल्पना सुचण्यापुरती ठेवावी, पुरावा म्हणून धरू नये.

पुरस्कारांच्या केस जास्त भरवशाच्या, तरी त्यांचीही मर्यादा आहे. लेस बिने आणि पीटर फील्ड या जाहिरातींच्या अभ्यासकांनी २०१३ मध्ये आयपीएच्या संग्रहातल्या ९९६ मोहिमांचे विश्लेषण मांडले. ब्रँड घडवण्यावर साधारण ६० टक्के आणि तात्काळ विक्रीवर ४० टक्के खर्च ही जी विभागणी बैठकांत वारंवार ऐकू येते, ती त्यातलीच. काम मोलाचे आहे. मात्र त्या ९९६ मोहिमा पुरस्कारासाठी पाठवण्याजोग्या वाटल्या म्हणून संग्रहात आल्या. तसेच सगळे करूनही ज्यांचे काही झाले नाही, त्या मोहिमा त्यात फारशा सापडणार नाहीत. शिवाय यश मिळाले की मोहिमेतली प्रत्येक गोष्ट शहाणपणाची दिसू लागते. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये लष्करातल्या मूल्यमापनांवरून हे दाखवले होते : एका गुणात चांगला ठरलेला माणूस वरिष्ठांना इतर गुणांतही चांगलाच दिसतो. मोहिमांच्या बाबतीत डोळ्यांना हाच चष्मा लागतो.

रूप आणि कारण

एव्हिस या भाड्याने गाड्या देणाऱ्या अमेरिकी कंपनीचे उदाहरण मुळापासून पाहण्यासारखे आहे. १९६२ मध्ये ती हर्ट्झच्या मागे, दुसऱ्या क्रमांकावर होती आणि कित्येक वर्षे तोट्यात होती. नवे अध्यक्ष रॉबर्ट टाउनसेंड डॉइल डेन बर्नबाख या एजन्सीकडे गेले. पॉला ग्रीन यांनी लिहिलेल्या जाहिरातीत कंपनीने सरळ सांगून टाकले की आम्ही दुसऱ्या क्रमांकावर आहोत, म्हणून जास्त मेहनत घेतो. साल उलटायच्या आत ३२ लाख डॉलरच्या तोट्याचा १२ लाख डॉलरचा नफा झाला. ते घोषवाक्य २०१२ पर्यंत टिकले.

ही केस वाचून अनेकांनी ‘आम्ही लहान आहोत, पण...’ अशा जाहिराती केल्या. त्यांनी रूप घेतले. पहिल्या जाहिरातीचा मजकूर जवळून वाचला की कारण दिसते. घाणेरडे ॲशट्रे आम्हाला परवडत नाहीत, असे त्यात होते. अर्धी रिकामी टाकी, झिजलेले वायपर, न धुतलेली गाडी हेही परवडत नाही, असे होते. आणि शेवटी, आमच्या काउंटरवर रांग लहान असते, असे होते. म्हणजे तिथे तीन गोष्टी एकदम घडत होत्या. कमीपणाची कबुली दिल्यामुळे पुढचे बोलणे खरे वाटत होते. त्या कमीपणातूनच ग्राहकाचा फायदा निघत होता, कारण गर्दी कमी तर खोळंबा कमी. आणि प्रत्येक शब्द ग्राहकाला गाडीत बसताच तपासता येत होता. ॲशट्रे भरलेला निघाला असता तर जाहिरातच कंपनीवर उलटली असती. त्यामुळे मेहनतीचे वचन कामगारांनाही पाळावे लागले. यातली एकही गोष्ट ‘आम्ही दुसरे’ या शब्दांत नाही. ज्या धंद्यात दुसरे असण्याने ग्राहकाचा काहीच फायदा होत नाही, तिथे ही कबुली नुसता कमीपणा ठरते.

कारण ओळखून रूप बदलण्याचा उत्तम नमुना ड्रॉपबॉक्सचा आहे. फाइली साठवण्याची ही सेवा २००८ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. सर्च जाहिरातींतून, म्हणजे सर्च इंजिनवर पैसे भरून दाखवलेल्या जाहिरातींतून, एक ग्राहक मिळवायला २३३ ते ३८८ डॉलर पडत होते आणि विकायची वस्तू होती ९९ डॉलरची. ऑनलाइन पैसे पाठवण्याची सेवा देणाऱ्या पेपालने पूर्वी मित्राला आणणाऱ्याला आणि येणाऱ्या मित्राला, दोघांनाही रोख पैसे दिले होते. ड्रॉपबॉक्सने त्यातले दोघांना देणे उचलले आणि रोख पैसे सोडून दिले. त्यांनी दोघांनाही जादा साठवणजागा दिली. ज्याला जागा हवी तोच तिच्यासाठी धडपडणार, नुसत्या पैशासाठी येणारी गर्दी आपोआप टळणार, आणि कंपनीला ती जागा रोख रकमेपेक्षा स्वस्तात पडणार. शिवाय फाइल दुसऱ्याबरोबर वाटून घ्यायची तर दुसरा माणूस त्या सेवेवर असणे सोयीचे, म्हणून आमंत्रण पाठवताना आपण कोणाच्या गळ्यात काही मारतो आहोत असेही वाटत नव्हते. सप्टेंबर २००८ मध्ये एक लाख असलेले वापरकर्ते जानेवारी २०१० मध्ये ४० लाख झाले. या योजनेने नोंदणी ६० टक्क्यांनी वाढली, असे संस्थापक ड्रू ह्यूस्टन यांनी सांगितले आहे. पुढे असंख्य ॲपनी ‘मित्राला आणा’ हे बटण लावले. जिथे मित्र असण्याने वापरणाऱ्याला काहीच मिळत नव्हते, तिथे ते बटण तसेच पडून राहिले.

याच्या उलट गोष्ट जेसी पेनी या अमेरिकी डिपार्टमेंट स्टोअरची. ॲपलची दुकाने नावारूपाला आणणारे रॉन जॉन्सन नोव्हेंबर २०११ मध्ये तिथे प्रमुख झाले आणि फेब्रुवारी २०१२ पासून त्यांनी कूपन व वारंवार लागणारे सेल बंद करून स्वच्छ, ठरलेल्या किमती आणल्या. कल्पना प्रामाणिक होती, आणि मला तरी ती ग्राहकाच्या हिताचीच वाटते. पण ॲपलचा ग्राहक सवलतीसाठी त्या दुकानात येतच नव्हता. जेसी पेनीचा ग्राहक वर्षानुवर्षे कूपन जपून ठेवत आला होता, आणि तसेच कपडे त्याला शेजारच्या दुकानात सेलमध्ये मिळत होते. मोजक्या दुकानांत करून पाहण्याऐवजी बदल सगळीकडे एकदम केला गेला. एका वर्षात विक्री सुमारे २५ टक्क्यांनी घसरली. एप्रिल २०१३ मध्ये जॉन्सन पायउतार झाले. स्वतःच्याच यशाची केससुद्धा माणूस चुकीची वाचू शकतो, हे यात दिसते. म्हणून कोणतीही केस वाचताना ‘त्यांनी काय केले’ याच्या शेजारी ‘त्यांचा ग्राहक मुळात कशासाठी आला होता’ हा रकाना भरावाच.

तसेही घडलेच असते काय?

मोहीम झाली आणि विक्री वाढली, एवढ्यावरून मोहिमेमुळे वाढली असे होत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, तसे हंगामामुळे, किंमत कमी केल्यामुळे किंवा प्रतिस्पर्ध्याचा माल संपल्यामुळेही आकडे वर जातात. केस स्टडीत सर्वांत जास्त वेळा गाळला जातो तो हाच भाग.

ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या कंपनीने यावर २०१२ मध्ये प्रयोग केला. ‘ईबे’ हाच शब्द शोधणाऱ्यांना पैसे भरून दाखवलेल्या जाहिरातींवर क्लिक भरपूर येत आणि त्या जाहिरातींचे आकडे झकास दिसत. कंपनीने काही सर्च इंजिनांवर त्या जाहिराती थांबवल्या. गेलेल्या क्लिकपैकी ९९.५ टक्के खालच्या फुकटच्या दुव्यावरून परत आल्या. लोक ईबेकडेच निघाले होते. कंपनी त्यांच्याच क्लिक दारात पैसे भरून विकत घेत होती. टॉमस ब्लेक, क्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टाडेलिस यांनी हे संशोधन २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. इतर शब्दांवरच्या जाहिराती त्यांनी काही भागांत बंद आणि काही भागांत चालू ठेवून तपासल्या. त्यांचा थोडाफार उपयोग दिसला तो नव्या किंवा क्वचित खरेदी करणाऱ्या लोकांवर. नेहमीच्या ग्राहकांवर जवळजवळ काहीच नाही. मात्र यावरून ‘सर्च जाहिराती निरुपयोगी’ असा धडा घेणे म्हणजे पुन्हा मक्षिकास्थाने मक्षिका. ईबे सर्वांना ठाऊक होती. जिचे नाव कोणालाच माहीत नाही अशा कंपनीचे उत्तर वेगळे येईल. उचलायची ती पद्धत : काही ठिकाणी बंद करून पाहा.

मोजमापाची निवडही तपासावी. कॅलिफोर्नियातल्या दूध प्रक्रिया मंडळाच्या १९९३ मधल्या ‘गॉट मिल्क?’ मोहिमेमागे एक सुरेख निरीक्षण होते : लोकांना दुधाची किंमत ते घरात संपते तेव्हा कळते. चर्चेला बोलावलेल्या लोकांना आधी आठवडाभर दुधाविना राहायला सांगून ते पक्के केले गेले. मोहीम अफाट गाजली, तिच्या नकला निघाल्या. पण अमेरिकेत दरडोई दूध पिणे पुढची अनेक वर्षे कमीच होत गेले. कॅलिफोर्नियात मोहिमेने सुरुवातीला उतार थोपवला असे समर्थक म्हणतात, आणि उतरत्या बाजारात तेही काही कमी नाही. तरी जाहिरात ओळखीची होणे आणि वस्तू जास्त खपणे या दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत, आणि केसचे मथळे बहुधा पहिलीवर लिहिलेले असतात.

आपल्या मोहिमेत आणताना

केस वाचून झाली की तिचे एका वाक्यात रूपांतर करावे : ‘अमुक परिस्थितीतल्या अमुक लोकांसमोर अमुक केले, तर अमुक कारणाने ते अमुक करतील.’ वाक्य असे लिहिता आले नाही तर केस अजून कळलेली नाही. लिहिता आले तर त्यातला प्रत्येक ‘अमुक’ आपल्याकडे आहे का हे पाहता येते, आणि वाक्य खोटे ठरवण्याचीही सोय होते.

मग चाचणी. ही युक्ती इंटरनेटच्या बरीच आधीची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्लॉड हॉपकिन्स यांच्यासारखे जाहिरातकार वेगवेगळ्या मजकुरांखाली वेगळ्या खुणांची कूपन छापत आणि कोणते कूपन जास्त परत येते ते मोजत. आजची ए-बी चाचणी तेच करते : एकाच पानाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वेगवेगळ्या लोकांना दाखवून कोणती जास्त चालते ते मोजते. तिचा गाजलेला प्रयोग डिसेंबर २००७ मध्ये बराक ओबामा यांच्या प्रचाराच्या संकेतस्थळावर झाला. पहिल्या पानावर चार प्रकारची बटणे आणि सहा प्रकारची चित्रे व व्हिडिओ, अशा २४ जोड्या ३ लाख १० हजार ३८२ लोकांना वाटून दाखवल्या गेल्या. प्रचाराचे काम करणाऱ्या गटातल्या लोकांना एक व्हिडिओ मनापासून आवडला होता. प्रत्यक्षात सगळेच व्हिडिओ सगळ्याच चित्रांपेक्षा कमी पडले. जिंकली ती कुटुंबाच्या फोटोची आणि ‘अधिक जाणून घ्या’ या बटणाची जोडी. नोंदणीचे प्रमाण ८.२६ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर गेले. पुढे त्या बटणाचे शब्द असंख्य पानांवर जसेच्या तसे उचलले गेले. खरे तर त्या केसमधले उचलण्यासारखे होते ते हे, की ज्याच्यावर सगळ्यांचा जीव जडला होता तो व्हिडिओही चाचणीत उभा केला गेला आणि हरल्यावर बाजूला ठेवला गेला.

छोट्या मोहिमांना इथे एक खरी अडचण येते. १०० पैकी दोघे खरेदी करत असतील आणि नव्या पानाने ते प्रमाण २.४ टक्के झाले का हे खात्रीने ओळखायचे असेल, तर प्रत्येक पानाला साधारण २१ हजार लोक लागतात. दोन-चारशे लोकांवर लागलेला निकाल नाणे उडवल्यासारखा असतो. एवढी माणसे नसतील तर बटणाचा रंग तपासण्यात वेळ घालवू नये. पूर्ण वेगळा प्रस्ताव, वेगळी किंमत, वेगळा ग्राहकगट असे मोठे फरक तपासावेत, कारण मोठा फरक थोड्या लोकांतही दिसतो. त्याच्या जोडीला दहा ग्राहकांशी निवांत बोलावे.

चाचणीआधी आपला अंदाज तारखेसह लिहून ठेवावा. ‘नोंदणी १० टक्क्यांनी वाढेल, कारण अमुक.’ निकाल आल्यावर मन झटकन म्हणते, हे मला वाटलेच होते. लिहिलेला कागद तसे म्हणू देत नाही. अशा कागदांची फाइल साठत गेली की ती स्वतःची केस-संग्रहिका होते. तिच्यात फसलेल्या मोहिमा पूर्ण तपशिलाने असतात : कोणाला दाखवली, काय अपेक्षा होती, किती खर्च झाला, कुठे थांबवली. बाहेरच्या यशोगाथांत ही पाने सापडत नाहीत.