पार्श्वभूमी: क्रोशाची शिल्पं आली कुठून?

हल्ली विशीतल्या मुली क्रोशाने, म्हणजे टोकाला आकडा असलेल्या एकाच सुईने दोरा विणून, माणसाएवढी शिल्पं करतायत, अंगात घालायचे कोट, मुखवटे, डोक्यावर चढवायचे पोवळ्यांच्या आकाराचे टोप, आणि बघणारा पहिलं काय म्हणतो तर "अगं आमची आजी करायची की हे, टीव्हीवर टाकायचे रुमाल". करायचीच आजी, खरंय ते. पण रुमाल आणि शिल्प यात टाका तोच आहे, हे आधी समजून घ्यायला पाहिजे.

क्रोशाला माग लागत नाही, फ्रेम लागत नाही. दोन सुयांच्या विणकामात अख्खी ओळ सुईवर अडकलेली असते, इथे सुईवर जिवंत टाका एकच, त्यामुळे कुठूनही वळा, कुठेही थांबा, मधूनच नवीन फांदी काढा. खांब, म्हणजे उभे टाके, कमी केले की वाटी होते आणि जास्त घातले की कडा फुगते, रुमाल बिघडला म्हणून आपण उसवायला बसतो. हीच फुगलेली कडा १९९७ मध्ये अमेरिकेत कॉर्नेल युनिव्हर्सिटीत दाइना ताइमिना या लॅटव्हियन गणितज्ञ बाईंनी मुद्दाम विणली, दर ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवत गेल्या आणि हायपरबोलिक भूमिती, म्हणजे सपाट न राहता कडेला लाटांसारख्या फुगत जाणाऱ्या पृष्ठभागाची भूमिती, चक्क हातात धरता येईल अशी तयार झाली. त्यावरूनच २००५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या जुळ्या बहिणींनी क्रोशाचा कोरल रीफ, म्हणजे समुद्रातल्या पोवळ्यांचा खडक, विणायला घेतला, पुढे जगभरच्या हजारो बायकांनी त्यात आपापले तुकडे जोडले.

पण क्रोशा मुळात पसरला तो पोटासाठी. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक सडलं, भीषण दुष्काळ पडला, तेव्हा कॉर्कमध्ये उर्सुलाइन नन्सनी आणि क्लोन्स गावात कॅसान्ड्रा हँड नावाच्या पाद्र्याच्या बायकोने गरीब बायकांना क्रोशा शिकवला. महागड्या व्हेनिशियन लेसची नक्कल सुईने पटापट करायची आणि विकायची असा तो हिशोब. त्यात जाड दोऱ्यावर विणून एकावर एक पाकळ्या चढवलेला गुलाब असायचा, कापडावर उठून दिसणारा. माझ्या मते क्रोशा-शिल्पाचं बी तिथेच आहे, फक्त त्याला शिल्प कोणी म्हणालं नाही.

आपल्याकडे आंध्रात गोदावरीकाठी नरसापूरला मिशनरी लोकांनी एकोणिसाव्या शतकात हेच काम आणलं. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथे राहून अभ्यास केला, १९८२ मध्ये तो छापला, आणि त्यात दिसतं ते वाचून अजून राग येतो: दिवसातले सहा ते आठ तास विणणाऱ्या बायकांना घरचे, व्यापारी, सरकार सगळे "गृहिणी" समजत होते, म्हणजे लेस परदेशात विकली जात होती आणि विणणारी मात्र कामगार नाहीच. २०२४ मध्ये नरसापूरच्या लेसला जीआय टॅग, म्हणजे ही वस्तू याच भागातली अशी सरकारी ओळख, मिळाला. आणि लक्षात ठेवा, खरा क्रोशा विणणारं मशीन आजही बाजारात नाही, दुकानात स्वस्तात मिळणारा क्रोशाचा टॉप खरोखर क्रोशाचा असेल तर तो कोणाच्या तरी हातानेच विणलेला आहे.

आता तो अंगात घालायच्या कलेचा भाग. साठच्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये प्रॅट इन्स्टिट्यूट या आर्ट कॉलेजात जॅनेट लिपकिन, जीन कॅसिसेडो, मारिका कॉन्टोम्पासिस, शॅरन हेजेस, डिना नॅप या पाच मैत्रिणी शिकत होत्या. कॉलेजात क्रोशा हा विषयच नव्हता, एकमेकींकडून शिकल्या आणि पेंटिंग, शिल्पकलेत जे शिकत होत्या ते सगळं लोकरीत ओतायला लागल्या. पॅटर्न नाही, आखणी नाही, रंग हाताला येईल तसा, आणि कॅनव्हासच्या जागी माणसाचं अंग. चालणारं शिल्प म्हणा ना! पण गॅलरीवाले म्हणणार हे कपडे आणि कपडेवाले म्हणणार हे घालणार कोण, अशी अडचण होतीच, मग १९७३ मध्ये ज्युली शाफ्लर डेल यांनी न्यूयॉर्कमध्ये खास अशाच कामासाठी गॅलरी उघडली आणि ती चाळीस वर्षं चालवली.

भारतात क्रोशाची शिल्पं करणाऱ्या या मुली आज जिचं नाव घेतात ती शिल्पकार मृणालिनी मुखर्जी, जन्म मुंबईचा, १९४९ चा, शिकली बडोद्याला चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांच्याकडे. तिचं काम क्रोशा नाही, हाताने मारलेल्या गाठी आहेत, पण रंगवलेल्या दोरातून कागदावर रेघही न काढता तिने यक्षी, वनश्री अशा भल्यामोठ्या मूर्ती उभ्या केल्या आणि सुतळीचं काम म्हणजे हस्तकला, कला नव्हे, हे पण वर्षानुवर्षं ऐकलं. २०१५ मध्ये दिल्लीत तिचं मोठं प्रदर्शन नुकतंच उघडलं होतं तेव्हाच ती गेली. न्यूयॉर्कच्या मेट (मेट्रोपॉलिटन) म्युझियमने तिच्या शिल्पांचं प्रदर्शन भरवलं २०१९ मध्ये, आणि त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या म्युझियममध्ये प्रॅटवाल्या मैत्रिणींचे कोट लागले, तोपर्यंत त्यांची पिढी सत्तरीला टेकली होती.