हॅवरसॅक (युद्धकालीन सैनिकी पिशवी)

हॅवरसॅक म्हणजे पायदळाच्या शिपायाने रोजच्या गरजेचे सामान जवळ बाळगण्यासाठी वापरायची जाड सुती कापडाची पिशवी. मूळ जर्मन शब्दाचा अर्थ ओट धान्याची पिशवी. म्हणजे आपल्याकडच्या घोड्याच्या तोबऱ्याशी तिचे जवळचे नाते आहे. दाणावैरणीची ही पिशवी पुढे शिपायाच्या शिध्याची झाली. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात पलटणीत गेलेला एखादा पूर्वज बऱ्याच मराठी घरांना असतो. त्यामुळे कुठल्या तरी पत्र्याच्या ट्रंकेत अशी पिशवी, निदान तिचा एखादा पितळी बकल, आजही सापडू शकतो.

या भागाचा पलटणीशी संबंध जुना आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचा वारसा 1768 सालच्या पलटणीपासून सुरू होतो आणि तिचे रेजिमेंटल सेंटर बेळगावात आहे. दुसऱ्या महायुद्धात ही रेजिमेंट 1941 मध्ये एरिट्रियातील केरेनला लढली, पुढे इटलीत लढली. 10 जुलै 1944 रोजी वरच्या टायबर खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांना वीरमरण आले. 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदीकाठी शिपाई नामदेव जाधव यांनी पराक्रम गाजवला. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मिरवणुकीच्या देखाव्यात त्या काळचा मराठा शिपाई दाखवायचा तर ब्रिटिश सैन्याच्या 1937 च्या नमुन्याची हॅवरसॅक लागते. तीच पिशवी पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील (आजच्या इराकमधील) कुतच्या वेढ्यातल्या (1915–16) शिपायाच्या पाठीवर चढवणे ही चूक ठरते. कुतला 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या आणि तेव्हा हा नमुना अस्तित्वातच नव्हता.

1937 च्या नमुन्याची पिशवी साधारण 11 इंच, 9 इंच आणि 4 इंच मापांची, चौकोनी, वरून मोठे झाकण आणि पितळी बकले असलेली असते. लढाईच्या पेहरावात ती पाठीवर येते. मोठा पॅक पाठीवर असेल तेव्हा हॅवरसॅक डाव्या कुशीला लटकते. पाठीवर बांधायच्या पट्ट्यांचा आकार इंग्रजी एल अक्षरासारखा असल्याने त्यांना एल-स्ट्रॅप म्हणतात. पट्टा खांद्यावरून पुढे येतो, त्याचा आकडा छातीवरच्या काडतुसांच्या पाउचला अडकतो आणि अरुंद टोक काखेखालून मागे जाऊन पिशवीच्या तळाशी बांधले जाते. पाउचच न घालता हे पट्टे नुसते खांद्यावर टाकले की पिशवी मागे ओढते आणि शिपायाची मान पुढे येते. देखाव्याच्या फोटोत हा दोष लगेच दिसतो.

भरण्याची रीत पिशवीच्या शिवणीतच ठरलेली आहे. आत पुढच्या बाजूला पडदा घालून दोन कप्पे केलेले असतात : एक पाण्याच्या बाटलीचा, दुसरा जेवणाच्या मेस टिनचा. बाटली एनॅमलची, वर लोकरी फेल्टचे आवरण, तोंडाला दोरीने बांधलेले बूच. तीत लिटरभराहून थोडे जास्त पाणी मावते. प्रत्यक्षात पुष्कळ शिपाई बाटली उजव्या कुशीलाच ठेवत, कारण पाण्यासाठी दर वेळी पाठीवरचे ओझे उतरवणे परवडत नसे. मेस टिन म्हणजे एकात एक बसणारी घडीच्या मुठीची दोन भांडी. ती रिकामी ठेवली तर चालताना खडखडतात, म्हणून कागदात बांधलेली चहा-साखर किंवा चणे-गूळ त्यांच्यात घालून वरून फडके दाबावे. मागच्या मोठ्या कप्प्यात टॉवेल, जादा मोजे, दाढीचे सामान, सुईदोऱ्याची गुंडाळी. मऊ वस्तू पाठीकडे जाव्यात, नाहीतर तासाभरात मणका सोलवटतो. सगळ्यात वर, झाकणाखाली, घडी केलेली ग्राउंडशीट, म्हणजे जमिनीवर अंथरायचे, पाणी न झिरपणारे कापड : पाऊस आला की हात आधी तिथेच गेला पाहिजे.

बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत जिवंत देखाव्यांची मोठी परंपरा आहे. अंगरखा, जिरेटोप, ढाल यांसाठी मंडळे महिना महिना खपतात. महायुद्धातल्या शिपायाचा देखावा उभा करताना मात्र पिशवीत रद्दी कोंबण्याचा मोह होतो. तो टाळलाच पाहिजे. रद्दीने पिशवी फुगते, पण वजन येत नाही. खरे सामान घेतलेला माणूस पायरी चढताना किंचित पुढे वाकतो, बसताना आधी पट्टा सैल करतो. हे वाकणे शिकवून येत नाही, वजनाने येते. म्हणून देखाव्याआधी निदान दोन-तीन वेळा भरलेली पिशवी घेऊन चार-पाच मैल चालावे. पट्टा कुठे काचतो आणि कोणती वस्तू आधी हाताला लागायला हवी, हे तेव्हाच कळते.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपण सैनिक आहोत असा समज करून देण्याच्या हेतूने सैनिकासारखा वेश करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 नुसार गुन्हा आहे. बेळगावसारख्या छावणीच्या गावात देखाव्याचा पोशाख देखाव्यापुरताच ठेवावा.

वेबिंगला, म्हणजे जाड विणीच्या सुती पट्ट्या-पिशव्यांना, रंग देण्यासाठी ब्लँको नावाचा रंगलेप वापरत. ओल्या ब्रशने ते चोळून सुकू देत आणि पितळ वेगळे घासत. नव्याने शिवून घेतलेल्या पिशवीवर हे खुशाल करावे. आजोबा-पणजोबांच्या मूळ पिशवीला मात्र ब्लँको, साबण किंवा ब्रासो लावू नये. देखाव्यासाठी तिच्या मापाबरहुकूम दुसरी शिवून घ्यावी. खानापूरकडच्या पावसात कापडाला बुरशी धरते, पितळ कळकते. बकले सोडून, सावलीत पूर्ण वाळवून, सुती कापडात सैल गुंडाळून ती ठेवावी. झाकणाची आतली बाजू आधी उजेडात पाहावी. शिपायाचा नंबर बऱ्याचदा तिथे काळ्या शाईने घातलेला असतो, आणि धुतल्यावर पहिल्यांदा तोच जातो.